फुलांची मुदत

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी हिवाळ्यात जे पुष्पप्रदर्शन भरते, त्यातल्या वामनवृक्षांच्या मांडणीपुढे रेंगाळणाऱ्या प्रेक्षकाचा पहिला प्रश्न झाडाच्या वयाविषयीचा असतो, आणि झाडाला बहर आलेला असेल तर दुसरा प्रश्न हमखास हाच असतो की, ‘ही फुले किती दिवस टिकतात हो?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर मालक अभिमानाने आणि क्वचित थोडी भर घालून देतो. दुसऱ्याचे देताना मात्र तो चाचरतो, आणि ते चाचरणे अज्ञानाचे नसून प्रामाणिकपणाचे असते, कारण तेच झाड, तीच कुंडी आणि तीच निगा असूनही एका वर्षीचा बहर पंधरवडाभर तग धरतो आणि दुसऱ्या वर्षीचा आठवड्याच्या आत गळून पडतो, हे त्याने स्वतःच पाहिलेले असते. हाच प्रश्न पुण्याच्या वायव्येस, तळेगाव दाभाड्याहून इंद्रायणी ओलांडून गेल्यावर लागणाऱ्या आंबी आणि मौजे नवलाख उंबरे या गावांच्या शिवारात विचारला, तर त्याला निराळाच सूर लागतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे फुलशेतीसाठी म्हणून जे क्षेत्र राखले, त्यात आणि आसपासच्या मावळात हरितगृहे उभी राहिली, आणि फुलाचा एकेक दिवस तेथे रोकड रकमेत मोजला जाऊ लागला.

दोन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र बहुतेकांनी गृहीत धरलेली असते, ती ही की फूल जात्याच नाजूक आणि म्हणूनच अल्पायुषी. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. फूल सहसा झिजून, जीर्ण होऊन मरत नाही. झाडच त्याची मुदत ठरवते, काही कारण असेल तर ती वाढवून देते, आणि काम उरकले की त्याला बरखास्त करते.

आपल्या परसातल्या झाडांची नुसती हजेरी घेतली, तरी या मुदती किती विषम आहेत हे ध्यानात येते. ज्या चिनी गुलाबाला शहरातले लोक ‘ऑफिस टाइम’ म्हणतात, त्याचे फूल ऊन चढल्यावर उघडते आणि दुपार कलताना मिटते ते कायमचेच. दुसऱ्या दिवशी कामावर येते ते निराळे फूल. गुलबाक्षीची पाळी याच्या उलट, म्हणजे दुपारी चारच्या सुमारास सुरू होऊन दुसऱ्या दिवशीच्या उन्हाबरोबर संपणारी. ब्रह्मकमळ रात्री उमलू लागते, मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण उघडते आणि उजाडायच्या आत मान टाकते, आणि त्यासाठी सारी आळी चहाचे पेले हातात घेऊन एका कुंडीभोवती जागत बसते. (हे झाड मध्य अमेरिकेकडचे एक निवडुंग असून हिमालयातल्या खऱ्या ब्रह्मकमळाशी त्याचे काही नाते नाही, पण हे त्या रात्री कोणाला सांगू नये.) जास्वंदीला बहुधा एकच दिवस मिळतो. अनंताचे फूल पहिल्या दिवशी शुभ्र, मग सायीसारखे, मग पिवळट होत जाते, आणि त्याच्या रंगावरून त्याचे वय सांगता येते. अबोलीला वास नाही, पण ती वेणीत मोगऱ्याहून अधिक काळ ताजी राहते. शेवंती तर फुलदाणीतही दोन-तीन आठवडे सहज काढते, मात्र तेथे आपली थोडी फसगत झालेली असते. आपण ज्याला एक फूल समजतो ते अनेक सूक्ष्म पुष्पकांचे गेंदासारखे स्तबक असून ही पुष्पके कडेकडून मध्याकडे क्रमाक्रमाने उमलत असतात, तेव्हा तिचे दीर्घायुष्य हे एकाचे नसून एका मोठ्या कुटुंबाचे असते. आणि या सर्वांवर कडी करणारे ऑर्किड: फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडचे एकच फूल दोन-तीन महिने एकाच टवटवीने उभे राहते.

एवढी तफावत कशापायी? १९९४ साली टिया-लिन ॲशमन आणि डॅनियल शोएन या दोन संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात फुलांनी किती दिवस जगावे असा प्रश्न मथळ्यातच विचारून त्याचे उत्तर जमाखर्चाच्या परिभाषेत मांडले. उमललेले फूल सांभाळणे हा झाडाला रोजचा खर्च असतो: पाकळ्यांतून पाण्याची वाफ होत राहते, श्वसनात शर्करा जळते, मधुरस पुन्हा पुन्हा भरावा लागतो. नवे फूल घडवणे हाही खर्चच, पण तो एकरकमी. जमेच्या बाजूस दोनच कलमे आहेत, एक म्हणजे आपले पराग इतरत्र रवाना होणे आणि दुसरे म्हणजे परके पराग कुक्षीवर येऊन पडणे. ज्या झाडाकडे मधमाश्यांची आणि फुलपाखरांची वर्दळ असते, त्याची ही दोन्ही कलमे काही तासांत भरून निघतात. मग तेच फूल दुसऱ्या दिवशी पोसण्यापेक्षा नवे फूल काढणे स्वस्त पडते. ज्याच्याकडे पाहुणा क्वचित येतो, त्याला जुने फूल सांभाळून वाट पाहणेच किफायतीचे. थंड, उंच पर्वतांवर, जेथे कीटक थोडे आणि त्यांचे उडण्याचे दिवसही थोडे, तेथली फुले सखल उष्ण प्रदेशातल्या फुलांपेक्षा सर्वसाधारणपणे अधिक दिवस टिकतात, ते याच हिशेबाने. ऑर्किडचे परागवाहकही मोजके, म्हणून त्याचे महिनोन्‌महिने थांबणे. पण त्याच ऑर्किडच्या कुक्षीवर पराग ठेवला की ते फूल एक-दोन दिवसांत मलूल होते. तीन महिन्यांची मुदत असलेले फूल काम होताक्षणी मोडीत निघते, यावरूनच टिकणे ही पाकळीच्या कणखरपणाची बाब नव्हे हे सिद्ध व्हावे.

कधीकधी झाड काम झालेले फूलही मुद्दाम ठेवून घेते. लोणावळ्याच्या रस्त्यांकडेला घाणेरीची जी झुडपे माजलेली दिसतात, त्यांच्या एकाच गुच्छात मधली फुले पिवळी आणि कडेची तांबूस असतात. तांबूस ती जुनी, त्यांच्यात फारसा मधुरस उरलेला नसतो, पण त्यांच्यामुळे गुच्छ लांबून मोठा दिसतो, आणि जवळ आलेल्या फुलपाखराला रंगावरूनच कोठे बसावे हे कळते. मधुमालतीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलून पुढे गुलाबी व लाल होत जाते, तोही असाच प्रकार.

बरखास्तीचेही दोन मार्ग आहेत. पारिजातकाचे फूल पहाटे टवटवीत असतानाच देठापासून सुटून खाली पडते, काटेसावरीची जाड मांसल फुले उन्हाळ्याच्या तोंडी तशीच अखंड पडतात. येथे देठाच्या तळाशी पेशींचा एक पातळ थर विरघळतो आणि फूल आहे त्या संपत्तीनिशी निघून जाते. जास्वंदीचे किंवा गुलबाक्षीचे फूल मात्र आधी जागच्या जागी सुकते, आणि त्या सुकण्याच्या अवधीत झाड पाकळ्यांतली प्रथिने, शर्करा आणि खनिज द्रव्ये फोडून बरीचशी परत ओढून घेते. सुकणे ही झाडाच्या दृष्टीने थकबाकीची वसुली असते. जपानमधल्या संशोधकांनी २०१४ साली ‘असागाओ’ नावाच्या तेथल्या निळ्या गारवेलीत ही वसुली सुरू करणारे एक जनुक शोधून काढले आणि त्याचा अंमल दाबून टाकला, तेव्हा सकाळी उमलून त्याच दिवशी कोमेजणारे फूल जवळजवळ दुप्पट वेळ टिकले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच वेलीवर कालचे आणि आजचे अशी दोन्ही फुले दिसू लागली. फुलाच्या मरणाचा हुकूम त्याच्या पेशींत असा आधीच लिहून ठेवलेला असतो.

हा हुकूम फुलाच्या अंगोपांगी पोहोचवण्याचे काम पुष्कळ जातींत एथिलीन हा वायू करतो, आणि तो उघडकीस आला तो एका नुकसानीच्या प्रकरणातून. विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागोच्या काचगृहांत आणलेली कार्नेशनची फुले न उमलता मिटू लागली, उमललेली झोपी गेल्यासारखी पाकळ्या आत वळवू लागली. क्रॉकर आणि नाइट यांनी १९०८ साली याचा छडा लावला: दिव्यांसाठी पुरवला जाणारा गॅस नळांतून गळत होता आणि त्यातले एथिलीन हा खरा अपराधी होता. हवेच्या वीस लाख भागांत एथिलीनचा एकच भाग असला, तरी बारा तासांत उमललेले कार्नेशन मिटते, इतके ते सूक्ष्म प्रमाण. पुढे असे आढळले की हा वायू बाहेरून यायला हवा असेही नाही. परागण झालेले फूल तो स्वतःच निर्माण करते, आणि पिकणारे फळही. तेव्हा दिवाणखान्यात कार्नेशनची किंवा ऑर्किडची फुले ठेवून त्यांच्याशेजारी पिकलेल्या केळ्यांचा घड किंवा आंब्यांची परडी शोभेसाठी मांडणारी गृहिणी नकळत आपल्याच फुलांची मुदत कमी करत असते. सगळीच फुले या वायूला जुमानतात असे मात्र नाही. शेवंती आणि जरबेरा त्याची फारशी दखल घेत नाहीत. गुलाबाच्या काही जाती घेतात, काही घेत नाहीत.

गुलाबाचे नाव निघाले, तेव्हा नवलाख उंबऱ्याकडे वळणे प्राप्तच आहे. मावळचा हा पट्टा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या आसपास आहे. हिवाळ्यात दिवसा बेताची ऊब, रात्री गारवा आणि मुंबईचा विमानतळ काही तासांच्या अंतरावर, या तीन गोष्टींवर येथला गुलाब उभा आहे. फेब्रुवारीच्या चौदा तारखेसाठी परदेशी जाणारी फुले जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यापासून रवाना व्हावी लागतात, आणि छाटणीपासून तोडणीपर्यंत सुमारे ४५ ते ५० दिवस लागतात. म्हणून येथला शेतकरी डिसेंबरातच उलटा हिशेब करून फांद्या छाटतो आणि मग हवामानाकडे धास्तीने पाहत राहतो, कारण थंडी फार पडली तर फूल मुदतीनंतर येते आणि उकाडा झाला तर मुदतीआधी. चौदा तारीख उलटल्यावर त्याच लाल गुलाबाला विचारणारा कोणी भेटत नाही. तळेगावात राज्य कृषी पणन मंडळाने काढणीनंतरच्या तंत्राचे शिक्षण देणारी जी संस्था चालवली आहे, तिच्या वर्गांत पॉलिहाऊस उभारणीइतकेच महत्त्व तोडणीनंतरच्या पहिल्या काही तासांना दिले जाते ते उगीच नव्हे.

तोडलेला गुलाब म्हणजे मूळ तुटलेले झाड. त्याच्या जमेच्या बाजूला आता काहीच येणार नसते. दांड्यात आणि पानांत साठलेली शर्करा हीच शिल्लक, आणि ती श्वसनात किती वेगाने खर्च होते यावर त्याचे उरलेले आयुष्य ठरते. तापमान दहा अंशांनी चढले की श्वसनाचा वेग दुप्पट-तिपटीने वाढतो. म्हणून सकाळच्या गारव्यात फूल तोडायचे, तोडताक्षणी दांडा पाण्याच्या बादलीत, आणि बादली दोन ते चार अंशांच्या कोल्ड रूममध्ये. तेथे दांड्याच्या लांबीप्रमाणे प्रतवारी होते, वीस-वीस फुलांच्या जुड्या बांधल्या जातात, आणि तो गारवा विमानात चढेपर्यंत कोठे तुटू नये याची चिंता वाहिली जाते. येथे काळ लांबवला जात नाही, तो तहकूब केला जातो. कोल्ड रूममधला दिवस फुलाच्या वयात पुरता धरला जात नाही, आणि लंडनच्या किंवा टोकियोच्या फुलदाणीत ते गेल्यावर त्याचे घड्याळ पुन्हा नेहमीच्या गतीने चालू लागते.

तोडणी कोणत्या अवस्थेत करावी हा या धंद्यातला सर्वांत नाजूक निर्णय. कळी घट्ट, हिरवी निदले नुकती खाली वळू लागलेली आणि बाहेरची एखादी पाकळी सुटू पाहणारी, ही दूरच्या बाजाराची वेळ. पुण्याच्या मार्केटयार्डाला त्याहून थोडे अधिक उमललेले चालते. पण लांबच्या प्रवासाच्या लोभाने अगदी कोवळी कळी तोडली, तर मानेतल्या उती पुरत्या कणखर झालेल्या नसतात आणि दांड्यातून वर चढणारे पाणी थोडे जरी अडले की कळी न उमलताच मान मोडून लोंबू लागते. पाणी अडवणारे दोघेच: दांडा हवेत कापल्यावर नलिकांत शिरलेला हवेचा बुडबुडा, आणि शिळ्या पाण्यात वाढणारे जंतू. म्हणूनच घरी आणलेल्या गुलाबाचा दांडा पाण्याखाली धरून तिरका कापावा, पाण्यात बुडणारी पाने काढावीत आणि पाणी रोज बदलावे. त्यात थोडी साखर घालायची तर जंतूंना अडवण्यासाठी किंचित आम्लही घालावे, नाहीतर साखर फुलाच्या आधी जंतूंच्याच पोटात जाते. फुलदाणीत ॲस्पिरिनची गोळी टाकण्याची आपल्याकडे जी प्रथा आहे, तिच्यात तथ्य आहे ते इतकेच, की पाणी किंचित आंबट होते.

याच मावळच्या डोंगरउतारांवर एक वनस्पती अशी आहे की तिने हा सारा जमाखर्च एकदाच मांडायचे ठरवले आहे. कारवी सुमारे सात वर्षे नुसती पाने काढत राहते, आणि मग एका पावसाळ्याच्या अखेरीस लोणावळा-खंडाळ्याच्या घाटांत किंवा सह्याद्रीच्या इतर उतारांवर त्या त्या पट्ट्यात एकाच वेळी जांभळी फुलून येते, बी धरते आणि मरते. तिची वाळकी फळे पुढच्या पावसाळ्याच्या आरंभी भिजली की तटतट फुटतात. तिच्या बाबतीत ‘फुले किती दिवस टिकतात’ असे विचारणे फारसे उपयोगाचे नाही. कारवीचा बहर काही आठवडे असतो, पण त्याच्यामागे सात वर्षांची बचत असते, आणि ती बचत गाठीशी ठेवून दुसरा बहर काढण्याचा तिचा विचारच नसतो.

वामनवृक्षाची अडचण नेमकी येथून सुरू होते. कुंडीत मुळे आवळून, फांद्या छाटून झाडाची पाने लहान करता येतात; फुले आणि फळे मात्र सहसा लहान होत नाहीत. वीतभर उंचीच्या डाळिंबाला येणारे लाल फूल मळ्यातल्या डाळिंबाच्या फुलाइतकेच मोठे असते, आणि ते पोसण्याचा रोजचा खर्चही तितकाच. भांडवल तेवढे शतांशावर आलेले असते. म्हणून मोठ्या झाडाच्या मानाने येथे बहराचा भार कितीतरी अधिक जाणवतो. जपानात सात्सुकी अझेलियाचे वामनवृक्ष वाढवणारे जाणते लोक मे-जूनमधला बहर काही दिवस पाहून झाला की उरलेली फुले स्वतःच खुडून टाकतात, आणि अशक्त झाडाच्या कळ्या तर उमलूच देत नाहीत. आपल्याकडच्या हौशी मंडळींना हे क्रूर वाटते, पण त्यांनी दोन वर्षे थांबून त्या झाडाच्या फांद्यांकडे पाहावे.

आपल्याकडे जी झाडे कुंडीत सहज फुलतात, त्यांच्या मुदतीही ध्यानात घेण्यासारख्या आहेत. बोगनवेल या बाबतीत सर्वांत उदार: ज्यांना आपण तिचे फूल समजतो ती रंगीत कागदी छदे म्हणजे रूपांतरित पाने असून खरे फूल तीन छदांच्या मधली ती बारीक पांढुरकी नळी असते, ती वाळली तरी छदे कित्येक आठवडे राहतात. तिला बहर आणण्यासाठी पाणी किंचित तोडावे लागते, आणि बहर आल्यावर मुसळधार पावसात सोडली तर तो एका रात्रीत साफ होतो, म्हणून मावळात तिचा खरा मोसम कोरडा. अडेनियमचे फूल बेताच्या हवेत आठवडाभर सहज काढते. याउलट कुंतीचा बहर एक-दोन दिवसांचाच, आणि तो संपला हे कुंडीभोवती पसरलेल्या पाकळ्यांवरूनच कळते. पण ती वर्षातून अनेकदा फुलते, तेव्हा तिचा हिशेब एका बहरावर मांडणे न्याय्य नव्हे. चेरीचा सुप्रसिद्ध सोमेई योशिनो हा प्रकार, ज्याची जपानी लोक वर्षभर वाट पाहतात, तोही पहिले फूल उमलल्यापासून पाकळ्या गळेपर्यंत सरासरी दोन आठवड्यांचाच. थंडी राहिली तर काही दिवस अधिक, वारा-पाऊस आला तर कमी.

वड, पिंपळ आणि उंबर ही जी आपल्याकडच्या वामनवृक्षांची मातब्बर मंडळी, त्यांच्याविषयी हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण त्यांचे फूल दिसतच नाही. ते नसते असे मात्र नव्हे. उंबराच्या प्रत्येक कोवळ्या फळाच्या आतल्या भिंतीवर असंख्य फुले असतात, टोकाच्या चिंचोळ्या छिद्रातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरून परागण करते, आणि ती येईपर्यंत आतली मादी फुले तयारीत थांबून राहतात. अंजिराच्या कुळातल्या काही जातींत असे आढळले आहे की माशी आलीच नाही तर ही मुदत काही आठवड्यांपर्यंत वाढते. ऑर्किडचाच न्याय, फक्त बंद दाराआड.

कुंडीतले डाळिंब, लिंबू किंवा क्रॅबॲपल फुलले असताना मालकाने काय करावे, याचे उत्तर नवलाख उंबऱ्याच्या शेतकऱ्याने दिलेल्या उत्तराच्या नेमके उलट येते. त्याला फूल हवे असते आणि दांडा हा त्या फुलाचा शिधा असतो; याला झाड हवे असते आणि फूल हा त्या झाडावरचा आकार असतो. बहराच्या दिवसांत कुंडी दुपारच्या उन्हातून उचलून सावलीच्या गार जागी ठेवावी, पाणी मातीला द्यावे पण फुलांवर शिंपडू नये, खत त्या काळापुरते बंद ठेवावे, स्वयंपाकघरातल्या फळांपासून तिला दूर ठेवावे. एवढ्याने चार-सहा दिवस पदरात पडतात. फुले सुकू लागली की देठाशी फुगणाऱ्या अंडाशयासकट ती काढून टाकावीत, कारण फुलाचा खर्च दिवसांचा असला तरी फळाचा खर्च महिन्यांचा असतो. झाड जोमदार असेल आणि फळांची फारच हौस असेल, तर खोडाजवळच्या जाड फांदीवर एक-दोन फळे धरू द्यावीत. टोकाच्या बारीक फांद्यांवरची सर्व कळीतच खुडावीत.